निळी खूण म्हणजे पोच नव्हे

आमच्या श्रीवर्धन-म्हसळा भागात 'रेंज आहे का?' हा प्रश्न आता 'खैरियत आहे ना?' इतकाच रोजचा झाला आहे. घरातला कमावता माणूस कुवेत, दुबई, दोहा किंवा जेद्दाला, नाहीतर जहाजावर. मगरिबनंतर घराघरांत व्हिडिओ कॉल सुरू होतात. मोबाईलच्या काचेवरूनच मुलाच्या गालावर हात फिरवणाऱ्या दादी मी पाहिल्या आहेत. पण हे नेट येते कुठून, असे वर्गात विचारले की निम्म्याहून अधिक मुले छताकडे बोट दाखवतात. "वरून येते, टीचर. सॅटेलाइटवरून."

मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी शिकवते. संगणक हा माझा विषय नव्हे. पण गेली काही वर्षे माझ्या कामाचा बराच भाग या जाळ्यावरून जातो-येतो. ज्या वाटेने आपण मुलांपर्यंत धडा पाठवतो ती वाट कशी आहे, हे भाषेच्या शिक्षकालाही ठाऊक असावे आणि आईवडिलांनाही, असे मला वाटते. वाट समजली की मोबाईलचा अभ्यासाला कुठे उपयोग होतो आणि कुठे होत नाही, हे आपल्याला आपले ठरवता येते.

मुलांना हे समजावताना मी यंत्रापासून सुरुवात करत नाही. पत्रापासून करते.

माझे अब्बा १९८० च्या दशकात कुवेतला नोकरीला होते. टपालाने पत्र पोहोचायला दहा-पंधरा दिवस लागत. कोणी गाववाला सुट्टीवरून परत निघाला की त्याच्या हाती दिलेले पत्र टपालाच्या आधी पोहोचे. त्यामुळे मागून लिहिलेले पत्र आधी आणि आधी लिहिलेले मागून, असा गोंधळ होई. यावर अम्मीने साधा उपाय काढला. ती प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक घालू लागली. अब्बांच्या उत्तराची पहिली ओळ मग अशी असे : १४, १५ आणि १७ नंबरची पत्रे मिळाली, १६ आले नाही. अम्मी बसून सोळाव्या पत्रातला महत्त्वाचा मजकूर पुन्हा लिहून काढी. पत्र मिळाल्याचे कळवण्याला आपण 'पोच देणे' म्हणतो. आमच्या घरचा सगळा व्यवहार त्या पोचेवर चालत असे.

इंटरनेट चालते ते नेमके असेच. आपण एखादे पुस्तक डाउनलोड करतो तेव्हा ते अखंड येत नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्या तुकड्याला इंग्रजीत पॅकेट म्हणतात. आपण पाकीट म्हटले तरी चालेल. एका पाकिटात साधारण दीड हजार बाइट मावतात. म्हणजे दहा एमबीचे एक पाठ्यपुस्तक सुमारे सात हजार पाकिटांतून येते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि त्याचा अनुक्रम असतो. वाटेतली यंत्रे, ज्यांना राऊटर म्हणतात, ती टपाल कचेरीसारखी असतात. आत काय लिहिले आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. पत्ता पाहायचा आणि पुढच्या कचेरीकडे ढकलायचे. सगळी पाकिटे एकाच वाटेने जातील असे नाही, मागची पुढे येऊ शकतात, काही हरवतातही. घेणारे यंत्र अनुक्रमाने ती लावते आणि मिळालेल्यांची पोच देते. ज्याची पोच आली नाही ते पाकीट पाठवणारे यंत्र पुन्हा पाठवते. ही रीत व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघांनी १९७४ मध्ये मांडली. १ जानेवारी १९८३ पासून इंटरनेटच्या आधीचे अमेरिकेतले जाळे पूर्णपणे तिच्यावर चालू लागले. त्या सुमारास अम्मी आपल्या पत्रांना क्रमांक घालत होती, हे सांगितले की वर्गात हशा पिकतो. पण मुद्दा डोक्यात बसतो.

या जाळ्यावरचा पहिला निरोप २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे गेला. 'लॉगिन' हा शब्द एकेक अक्षर करून पाठवायचा होता. 'एल' पाठवले, 'ओ' पाठवले आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. मला यातली वेगळीच गोष्ट आवडते. दोन्ही टोकांची माणसे त्या वेळी टेलिफोनवर होती. एक विचारत होता, एल मिळाला का? दुसरा सांगत होता, मिळाला. म्हणजे पहिल्या दोन अक्षरांची पोच माणसानेच माणसाला दिली होती.

आता वाटेकडे येऊ. मोबाईलपासून टॉवरपर्यंतचा प्रवास हवेतून होतो, एवढे मुलांचे बरोबर आहे. पण त्यापुढे बहुतेक वाट जमिनीखालून जाते. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूंची केबल असते आणि तिच्यातून प्रकाशाच्या रूपाने माहिती धावते. डोंगरातल्या काही टॉवरांना केबलऐवजी डिश लावून दुसऱ्या टॉवरशी जोडलेले असते. अशी ती वाट मुंबईला पोहोचते आणि तिथून समुद्रात उतरते. देशादेशांमधली नव्वद टक्क्यांहून अधिक माहिती उपग्रहावरून जात नाही, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जाते. हे आजचे नाही. मुंबई आणि सुएझ यांना जोडणारी समुद्राखालची तारायंत्राची केबल १८७० मध्येच टाकली गेली होती. फरक इतकाच की आता तांब्याच्या जागी काच आहे, आणि काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणून कुवेतचा बाप आणि म्हसळ्याची लेक समोरासमोर बसल्यासारखे बोलतात.

समुद्राच्या तळाशी केबल असते म्हटल्यावर कोळीवाड्यातला एक मुलगा लगेच म्हणाला, "मग नांगर अडकत असेल, टीचर." अगदी बरोबर. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल तुटल्या आणि आखातापासून भारतापर्यंत इंटरनेट मंदावले. पाठोपाठ दुबई आणि ओमानच्या दरम्यान आणखी एक केबल तुटली. ती टाकून दिलेल्या नांगरामुळे तुटली, असे दुरुस्ती करणाऱ्यांना आढळले. पण संपर्क पूर्ण थांबला नाही. पाकिटे दुसऱ्या, लांबच्या वाटेने गेली.

दुसरी वाट असणे म्हणजे काय, हे आमच्या घराने वेगळ्या तऱ्हेने अनुभवले आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. टपाल बंद, टेलिफोन बंद. अम्मीची पत्रे जात होती की नाही कोण जाणे. पोच येत नव्हती. मी तेव्हा शाळकरी मुलगी होते. अम्मी रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभी राहायची. त्या दिवसांत लाखाहून अधिक भारतीय जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानाने परत आणले गेले. त्यांतला एक माणूस मुंबईला उतरला, त्याच्याकडून चिठ्ठी निघाली, ती एस.टी.ने आलेल्या एका गाववाल्याच्या हाती आमच्याकडे पोहोचली : तुमचे धनी सलामत आहेत, रांगेत आहेत. नेहमीची वाट बंद होती, बातमी दुसऱ्या वाटेने आली. काही आठवड्यांनी अब्बाही आले.

ही गोष्ट मी सांगते ती एवढ्यासाठी, की २०२० मध्ये आमच्या किनाऱ्याला दुसरी वाट नव्हती.

त्या वर्षी मार्चपासून शाळा बंद होत्या. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने रोजची अभ्यासमाला सुरू केली होती. दीक्षा ॲपवरच्या धड्यांच्या लिंक व्हॉट्सॲपवरून शिक्षकांकडे येत, आम्ही त्या पालकांच्या गटात टाकत असू. ३ जून रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, आमच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता. नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे आणि कौले उडाली, विजेचे खांब मोडले. टॉवरला वीज हवी. वीज गेली की बॅटरी काही तास तग धरते, मग डिझेलवर चालणारा जनरेटर. रस्त्यावर झाडे पडल्यावर डिझेल पोहोचणार कसे? समुद्राखालची केबल शाबूत होती, मुंबईतले सगळे चालू होते, पण आमच्या गावच्या टॉवरकडे येणारी वाट एकच होती आणि ती मोडली होती. अनेक गावांत वीज यायला काही आठवडे लागले.

१५ जूनला नवीन शैक्षणिक वर्ष सुरू झाले ते कागदावर. राज्यभर ऑनलाइन शिक्षणाची चर्चा चालू होती आणि आमच्याकडे जनरेटर असलेल्या दुकानासमोर मोबाईल चार्ज करायला माणसे ताटकळत होती. आम्ही काही शिक्षकांनी मग जुनी रीत धरली. झेरॉक्स बंद, म्हणून कार्बन कागद लावून हाताने स्वाध्याय लिहिले. ते गावातल्या किराणा दुकानात ठेवले. मुले सामान न्यायला येत, कागद नेत आणि दोन दिवसांनी सोडवलेला कागद तिथेच आणून देत. कोणाचा कागद परत आला आणि कोणाचा नाही, हे दुकानदार चाचांच्या वहीवरून कळे. ज्या घरातून कागद आला नाही तिथे चौकशी करता येई. बहुतेक वेळा कळे की घराला छप्पर नाही आणि मूल बापाबरोबर पत्रे ठोकते आहे.

रेंज परत आल्यावर ऑनलाइन वर्गाचा आग्रह सुरू झाला. तो काही महिन्यांचा अनुभव मला बरेच शिकवून गेला. व्हिडिओवरचा थेट वर्ग आणि पाठवून ठेवलेला आवाज यांत जाळ्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. थेट बोलण्यात हरवलेले पाकीट पुन्हा मागवायला वेळ नसतो. ते येईपर्यंत बोलणे पुढे गेलेले असते, म्हणून यंत्र ते सोडून देते. आपल्याला आवाज तुटलेला ऐकू येतो तो यामुळे. घरच्या माणसाशी बोलताना दोन शब्द गाळले तरी अर्थ लागतो. व्याकरण शिकताना तसे होत नाही. 'नाही' हा एकच शब्द गळाला तर नियम उलटा होतो. याउलट व्हॉइस मेसेज हा पत्रासारखा असतो. तो उशिरा येईल, पण पोचेच्या रीतीने येतो, म्हणून आला की पुरता येतो. शिवाय तासाभराच्या व्हिडिओ वर्गाला शेकडो एमबी डेटा लागतो, तर तीन-चार मिनिटांचा आवाज एक-दोन एमबीच्या आत मावतो. कमी रेंजच्या गावात व्हॉइस मेसेज केव्हाही चांगला. मी कवितेचे वाचन, शब्दांचे उच्चार, निबंधाचे मुद्दे असे चार-चार मिनिटांचे तुकडे करून पाठवू लागले. मुले आपल्या वेळेला ऐकत, दोनदा ऐकत.

इथेच पोचेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. व्हॉट्सॲपवर एक खूण आली म्हणजे निरोप आपल्याकडून निघून त्यांच्या केंद्रापर्यंत गेला. दोन खुणा म्हणजे समोरच्या मोबाईलमध्ये उतरला. निळ्या खुणा म्हणजे तो उघडला गेला. यंत्र याहून पुढचे सांगू शकत नाही. कोणी उघडला, हे त्याला माहीत नसते. उघडणाऱ्याला समजले का, हे तर मुळीच नाही.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. उर्दूचे अक्षर मोत्यासारखे. मराठीत मात्र 'ळ' आणि 'ल' यांत अडखळायची आणि स्वतःच हसायची. वडील परदेशात, घरात आई, ती आणि मोठा भाऊ. मोबाईल एक. त्या घरचा नंबर माझ्या यादीत रोज दिसे. प्रत्येक धडा पोहोचलेला, उघडलेला. २३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यात नववी ते बारावीचे वर्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाले. आमची शाळा उघडली तेव्हा ती आली नाही. घरी गेले. मोबाईल भावाच्या खिशात होता, गटातले निरोपही तोच उघडत असे, एकामागून एक, वाचले न वाचले करून. मुलीच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, असे घरात ठरले होते. आईने चहा पुढे केला आणि म्हणाली, "टीचर, तिचं आता काय राहिलंय शाळेत? लग्नाचंच बघायचं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. लोक काय म्हणतील, मुलगी मोबाईलवर काय पाहील, ही भीती होती. परदेशातल्या नवऱ्याला जाब देण्याचीही भीती होती. ती भीती मला परकी नाही, मीही मुलीची आई आहे.

आम्ही तीनदा त्या घरी गेलो. मुख्याध्यापक आले, जमातीतले एक वडीलधारे आले. ज्यांच्या निर्णयाने तिची शाळा पुन्हा सुरू झाली असती ते वडील कुवेतहून फोनवर म्हणाले, बघू. त्या 'बघू'तच वर्ष सरले. ती परत आली नाही. त्याच वर्गातली दुसरी मुलगी मात्र आली. तिच्याकडेही स्वतःचा मोबाईल नव्हता. पण तिची आई रोज रात्री जेवणे आटोपल्यावर अर्धा तास आपला फोन तिच्यापुढे ठेवून शेजारी विणकाम घेऊन बसत असे. ही मुलगी माझ्या प्रत्येक धड्याला स्वतःच्या आवाजात दोन ओळींचे उत्तर पाठवी. मागे सुयांचा आणि पंख्याचा आवाज येई. दोन घरे, दोन्हीकडे एकच मोबाईल, दोन्हीकडे निळ्या खुणा. पण पोच एकाच घरातून येत होती.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. मुलाचा स्वतःचा आवाज किंवा त्याच्या हातचे अक्षर माझ्याकडे आल्याशिवाय धडा पोहोचला असे मानत नाही. शाळा नियमित सुरू झाल्यावरही हा नियम टिकला आहे.

आता वर्गात नेटचा उपयोग कसा होतो, ते सांगते. वर्गात बसून नेट शोधणे मी टाळते. रेंजचा भरवसा नसतो आणि गोल फिरणाऱ्या चक्राकडे पाहण्यात तास जातो. जे हवे ते आदल्या रात्री घरी उतरवून घ्यायचे आणि पेन ड्राइव्हमध्ये शाळेत न्यायचे. बालभारतीची पाठ्यपुस्तके, मराठी आणि उर्दू दोन्ही, संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपचे धडे मिळतात आणि तेही आधी उतरवून ठेवता येतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही नेटवर आहेत. अवांतर वाचनाला मी तेच वापरते.

पाठ्यपुस्तकातल्या या क्यूआर कोडमागे आपल्याच राज्यातल्या एका शिक्षकाचे काम आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले. त्यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मला त्यांच्या कामातला एक भाग जास्त जवळचा वाटतो. शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तके त्या भाषेत नव्हती. त्यांनी ती भाषा शिकून घेतली, मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि मग त्याला क्यूआर कोड जोडले. आमच्याकडेही मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत उर्दूतून शिकतात आणि बाजारात मराठी वापरतात. तीन भाषांमध्ये वावरणाऱ्या मुलाला आधी त्याच्या भाषेतून जवळ घ्यावे लागते. कोड नंतर येतो.

उर्दू शिकवणाऱ्याला आणखी एक अडचण असते. बराच काळ उर्दू मजकूर संगणकावर ज्या पद्धतीने टाइप होत असे तो दुसऱ्या यंत्रावर उघडला की नुसती चिन्हे दिसत. म्हणून आपल्याकडे उर्दू पाठवायची म्हणजे पानाचा फोटो काढून पाठवायचा, अशी सवय लागली. पण व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवते. तो चार गटांतून फिरून आला की नुक्ते पुसट होतात. बे, पे आणि ते यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा. 'दुआ' आणि 'दगा' यांच्यात उर्दू लिपीत एकाच नुक्त्याचा. पाचवीच्या मुलाने अशा फोटोवरून वाचायला शिकायचे कसे? आता युनिकोडमुळे जगातल्या बहुतेक प्रचलित लिपींच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक आहे आणि साध्या मोबाईलच्या कीबोर्डवर उर्दू, मराठी दोन्ही निवडता येतात. उर्दूचे अक्षर दोन बाइटचे, देवनागरीचे तीन. दोन हजार अक्षरांचे पूर्ण पान उर्दूत चार केबी, मराठीत सहा केबी. त्याच पानाचा मोबाईलने काढलेला फोटो दोन-तीन एमबीचा, म्हणजे कित्येक शेपट जड. टाइप केलेले पान कमी रेंजमध्येही झटकन जाते, हवे तेवढे मोठे करून वाचता येते आणि नुक्ता जागचा हलत नाही. दहावीच्या मुलांना मी उर्दू टाइपिंग शिकवते ते याचसाठी.

शाळेत नेट नसले तरी जाळे असू शकते, हेही अनेकांना माहीत नसते. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. एक राऊटर आणि एक संगणक एवढ्यावर वर्गातली उपकरणे एकमेकांना जोडता येतात. त्या संगणकावर पुस्तके, धडे आणि 'किविक्स'सारख्या मोफत साधनाने उतरवलेला मराठी आणि उर्दू विकिपीडिया ठेवला, तर बाहेरची केबल तुटली तरी मुलांचे काम चालू राहते. वादळाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी धान्याची कोठी जशी भरून ठेवायची, तशी ही कोठी पावसाळ्याआधी भरून ठेवावी.

आणि ज्या उपक्रमाला सगळ्यात चांगला प्रतिसाद मिळाला तो तर फारच साधा होता. मी मुलांना सांगितले, परदेशातल्या अब्बांना, मामूंना किंवा भावाला तुमच्या धड्यातला एक उतारा वाचून पाठवायला सांगा. पहिल्या आठवड्यात सात आवाज आले. कोणी कामाच्या जागेवरून, कोणी जहाजावरून. एकाने वाचता वाचता थांबून विचारले होते, "हा शब्द मला येत नाही, बेटा, तूच सांग." वर्गाने तो ऐकला. त्या बापाचा मुलगा उठला आणि त्याने अर्थ सांगितला. तो अर्थ आम्ही रेकॉर्ड करून परत पाठवला. दोन हजारांहून अधिक किलोमीटरवरचा बाप त्या दिवशी आमच्या वर्गात बसला होता.

आता माझ्या बहिणींना आणि परदेशातल्या भावांना दोन-चार गोष्टी सांगायच्या आहेत. घरात एकच मोबाईल असेल तर त्याची वेळ वाटून द्या आणि मुलीची वेळ आधी लिहा. मोबाईलबद्दल भीती वाटते तर तो बैठकीच्या खोलीत, सगळ्यांसमोर वापरू द्या, शेजारी बसा. शिक्षकाने पाठवलेला धडा मुलाने किंवा मुलीने स्वतः उघडला का, ते पाहा. ऐकून झाल्यावर तिला विचारा, काय शिकलीस ते मला सांग. तुम्हाला उर्दू किंवा मराठी वाचता येत नसले तरी चालेल. सांगताना ती अडखळते की नाही, एवढे कोणत्याही आईला कळते. परदेशातून फोन करणाऱ्या बापाने 'पैसे पोहोचले का?' या प्रश्नाच्या जोडीला 'आज काय शिकलीस?' हेही विचारावे, आणि लेकीचे उत्तर पुरे होईपर्यंत फोन दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नये.